मारुतीचा हार

अर्धांगवायूनंतर भास्कररावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, ते कुंडीतल्या रुईवर फुलपाखराच्या अळ्या दिसल्या तेव्हाच परत वळवलं. आता रुईवर मावा पडून पानं झडली आणि बरणीत काढून ठेवलेल्या अळ्या उपाशी राहिल्या.

शनिवारी मारुतीला घातलेला रुईच्या पानांचा हार शालननं पुजाऱ्याकडून मागून आणला. पानं अळ्यांच्या बरणीत टाकून तिनं बरणी नवऱ्याच्या नजरेसमोर ठेवली आणि आणखी पानांसाठी देवळाबाहेरच्या हारवालीकडे गेली.

"तुमच्या रुईवर मावा नाही पडत?"

"पडतो की! परवाच फवारा मारला. देवाला किडकी पानं कशी घालायची, ताई?"

शालन धावत सुटली.

अळ्या काळ्या होऊन बरणीच्या तळाशी निपचित पडल्या होत्या. भास्करराव डोळे फाडून तिकडेच बघत होते. हाक मारायला त्यांची जीभ वळत नव्हती. उशी तेवढी भिजली होती.