काकूंचा पिवळा टॉवेल

"सकाळी आठला माझा पिवळा टॉवेल दोरीवर असतो," समोरच्या गॅलरीतून काकू म्हणाल्या होत्या. "एखाद्या दिवशी दिसला नाही, तर दार वाजव हो. तुझं बाळ रडलं की सगळ्या इमारतीला कळतं. मी पडले तर कुणाला कळणार?"

"काहीतरीच काय, काकू! तुम्ही शंभरी गाठणार," म्हणत तिने ते हसण्यावारी नेलं होतं.

ते आठवलं, काकूंचा भाचा राहायला आला तेव्हा. माणूस नजरेला नजर देत नव्हता. रविवारी दुपारी काकूंची मोठी बॅग ओढत तो जिना उतरताना दिसला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

सोमवारी आठच्या ठोक्याला ती लंगोट वाळत घालायला गॅलरीत. टॉवेल होता. काठाला काठ जुळवून, दोन चिमट्यांत. मंगळवारीही होता. बुधवारीही. एक नजर टाकायची की पुन्हा बाळाचं धुणं.

"भाचा घर धुऊन नेतोय, लिहून ठेव," ती नवऱ्याला म्हणाली.

"टॉवेल आहे ना? मग काकू ठणठणीत आहेत. हेरगिरी सोड आता."

तिने खालच्या शिंप्याला विचारलं. दुकानाच्या पत्र्यावर टॉवेलचं पाणी ठिबकतं म्हणून तो काकूंशी रोज भांडायचा.

"म्हातारी सुधारली, वहिनी! तीन दिवसांत पत्र्यावर टिपूस नाही. भाच्याने दम दिला असणार."

दम! तिने तेवढंच धरून ठेवलं.

गुरुवारी भाचा तीच बॅग ओढत परतला. बाळाला कडेवर घेऊन ती जिन्यात आडवी उभी राहिली.

"काकूंचं सामान कुठे विकलंत?"

"सामान? माझे कपडे आहेत यात. बॅग तेवढी आत्याची." तो गोंधळला. "रविवारीच घरी गेलो होतो मी. आत्या फोन उचलत नाहीये, पण म्हटलं, काळजी नको. तीच म्हणाली होती, तू खुशाल जा, समोरची रोज बघते."

तिने जिन्यातूनच वर काकूंच्या गॅलरीकडे पाहिलं. टॉवेल होता. काठाला काठ, दोन चिमटे. चार दिवसांचं ऊन खाऊन पुठ्ठ्यासारखा ताठ.

तुमच्याही समोर कुणाचा तरी टॉवेल रोज दिसत असेल. आज जाऊन बघाल का, तो ओला आहे ना?