न उचलायचा फोन

“एक मिस्ड कॉल म्हणजे सगळं ठीक. उचलायचा नाही. उचललास की रोमिंग लागतं,” असं ह्यांनी मला विमानतळावर बजावलं. रोमिंगचा पॅक घ्या म्हटलं, तर म्हणाले, “बायकोला खुशाली कळवायला पॅक कशाला?” माझ्या गुडघ्यांमुळे हे एकटेच स्वित्झर्लंडच्या टूरला निघाले होते.

रोज दुपारच्या चहाला फोन एकदा वाजायचा आणि गप्प व्हायचा. मी फोनकडे बघून “बरं” म्हणायचे आणि चहात साखर घालायचे.

शुक्रवारी तो वाजतच राहिला. बंद झाला, पुन्हा वाजायला लागला. म्हटलं, हे नक्की कुठेतरी घसरून पडले. उचलला.

“बर्फ पडतोय,” हे म्हणाले.

“तुम्हाला लागलं का कुठे?”

“नाही गं. नुसता पडतोय. ऐक.”

मी कान देऊन ऐकलं. “काहीच ऐकू येत नाही.”

“तेच तर. आवाजच नाही त्याला.”

“रोमिंग लागतंय,” मी आठवण करून दिली.

“लागू दे.”

मी फोन पुन्हा कानाला घट्ट लावला. पंख्याची घरघर मध्ये येत होती. मी गुडघे धरत उठले आणि पंखा बंद केला.