रिकामं हँडल

"बसवली?" बायकोने दारातून विचारलं.

"बसवली." मिस्त्रीने वॉटर स्कूटरच्या मागे उकिडवं बसूनच सांगितलं आणि दोन्ही बुचांवरून पुन्हा अंगठा फिरवला. सकाळपासून ही चौथी खेप.

दहाच्या गाडीने मुलगा येणार होता. सहा वर्षांनी.

शेडच्या भिंतीला टेकून एक पाटी उभी होती, तोंड भिंतीकडे करून. 'जुन्या वॉटर स्कूटर : दुरुस्ती आणि विक्री.' अक्षरं मुलानेच रंगवलेली. बापलेकांनी मिळून हा धंदा काढायचं ठरवलं होतं. लोकांनी टाकून दिलेल्या स्कूटर आणायच्या, इंजिन उतरवून साफ करायचं, फुटलेलं अंग सांधायचं, तलावात फिरवून बघायच्या आणि विकायच्या. पण पाटी टांगायच्या आतच सगळं विस्कटलं.

या यंत्राच्या बुडाशी मागे दोन भोकं असतात. यंत्र जमिनीवर घेतलं की बुचं काढून आतलं पाणी वाहून जाऊ द्यायचं आणि पाण्यात नेण्याआधी ती परत घट्ट बसवायची. विसरलं, तर स्कूटर काठावरून झोकात निघते आणि मध्यावर जाऊन बुडते. म्हणून मिस्त्रीने शेडचा नियमच केला होता. बुचं काढली की लाल लोकरीत ओवून हँडलला अडकवायची. लाल दिसलं, म्हणजे भोकं उघडी. हँडल रिकामं, म्हणजे खुशाल निघा. गाठसुद्धा ठरलेली : दुहेरी, आणि शेवटी एक उलटा फास. सगळा जन्म बोटींच्या इंजिनांत गेलेला माणूस. त्याची गाठ तलावावर कुणीही ओळखायचं.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी सकाळपासून वारा होता.

"आज नको रे जाऊस," आई म्हणाली होती.

"आई, तुझं ऐकलं असतं तर मी अजून पाळण्यातच असतो," मुलगा हसला होता. चहाचा कप त्याच्यापुढे ठेवून ती कपडे वाळत घालायला बाहेर गेली. चहा संपवून तो शेडमध्ये आला. हँडल रिकामं होतं. तो निघाला.

अंगात तरंगायचं जॅकेट होतं म्हणून वाचला. दोन तास गार पाण्यात होता, मग महिनाभर इस्पितळात. यंत्र वर काढलं तर दोन्ही भोकं उघडी. मिस्त्रीने स्वतः लेथवर कातलेली पितळी बुचं होती ती. शेड पालथी घातली, अंगण पालथं घातलं, पण बुचं काही मिळाली नाहीत.

"आदल्या संध्याकाळी तुम्ही काढलीत आणि अडकवली नाहीत," मुलगा म्हणाला.

"अडकवली होती रे." मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे गाठ स्पष्ट दिसत होती.

"मग गेली कुठे? पाय फुटले त्यांना?"

मिस्त्री पुन्हा शेडमधलं सामान हलवून बघू लागला.

"बाबा, तुमच्या हातावर माझा भरवसा नाही राहिला," एवढं बोलून मुलगा परगावी नोकरीला गेला.

मिस्त्रीने पाने-पकडी पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली. पुढे पुढे त्यालाही पटत गेलं. कडी लावली का, गॅस बंद केला का, चारचारदा उठून बघू लागला. बायकोने मात्र एका शब्दाने कधी दोष दिला नाही. उलट त्या दिवसापासून ती त्याला फार जपायची.

यंदा थंडी सरता सरता त्याने पुन्हा हिंमत केली. एक खिळखिळी स्कूटर आणली, चार महिने तिच्याशी झुंजला. लोकर बायको द्यायची, लागेल तेवढा तुकडा तोडून. तिच्या शिवणाच्या डब्याला हात लावलेला तिला चालायचा नाही. "सुया आहेत त्यात. टोचतील. मी देते ना!"

मग मुलाला फोन केला. "एकदा येऊन चालवून बघ. नाही पटलं तर पुन्हा विषय काढणार नाही."

मुलगा आला. कानांजवळ केस पिकले होते. यंत्राला एक फेरी मारली, मग वाकून दोन्ही भोकं स्वतः चाचपली. मिस्त्रीला ते लागलं.

"बघ," तो म्हणाला. "चांगलं बघून घे."

स्कूटर पार पलीकडच्या काठापर्यंत गेली. आईबाप घोटाभर पाण्यात उभे होते. वीस मिनिटांनी ती परतली. मुलाने बैठक उचलून आत हात घातला.

"थेंब नाही, बाबा."

मिस्त्री म्हणाला, "तेव्हा चूक माझीच होती रे." हे तो पहिल्यांदाच बोलत होता.

"जाऊ द्या. वय झालं की होतं असं." मुलाने त्याच्या खांद्यावर ओला हात ठेवला. "आता मी आहे ना शेजारी. तुम्ही बुचं काढा, मी बघत जाईन. आणि ती पाटी कुठाय?"

"भिंतीकडे तोंड करून उभी आहे. शिक्षाच दिली होती तिला."

मुलगा मोठ्याने हसला. आईने पदर डोळ्यांना लावला.

मुलगा यंत्र बाहेर ओढायला गाडा आणायला वळला आणि दोराचं टोक त्याने आईच्या हातात दिलं. मिस्त्रीने खिसे चाचपले. लोकर संपली होती.

"बुचं अडकवायला धागा आणतो."

"थांबा, मी देते!" बायको जवळजवळ ओरडलीच. पण लाटेवर स्कूटर हेलकावत होती, दोर ताणला होता.

"अगं आई, सोडू नकोस, जाईल ती! आणू दे की त्यांना."

घरात जाऊन मिस्त्रीने डबा उघडला. सुया एका कापडाला नीट टोचलेल्या होत्या. बटणं होती, कात्री होती. त्याने लाल लोकरीचा गुंडा उचलला. तळाशी एका जुन्या रुमालात काहीतरी जड बांधलेलं होतं. त्याने रुमाल सोडला.

दोन पितळी बुचं. त्यांच्यात ओवलेली लोकर विटून गुलाबी झाली होती. गाठ मात्र तशीच होती : दुहेरी, आणि शेवटी एक उलटा फास.