ताबा

माझ्या बंद फ्लॅटमधला कडप्प्याचा ओटा मधोमध तडकला होता आणि घर विकत घेणारी वृषाली मान खाली घालून उभी होती. पडद्यांची मापं घ्यायची म्हणून तिने किल्ली नेली होती.

“काकू, परवा अक्षय्य तृतीया होती. मुहूर्त चुकायला नको म्हणून शेगडी पेटवून दूध उतू घालवलं. दगड तापलेला, त्यावर दूध सांडलं आणि...”

एजंट ढमढेरेंनी करारनामा उघडला. “ताबा पुढच्या महिन्यात. तोवरचं नुकसान मालकाचं. ओटा तुम्हीच बदलून द्यायचा, ताई.”

“वा! फोडायचा हिने आणि बदलायचा मी?”

चिडून मी करपलेली साय नखाने खरवडली. एकवीस वर्षं या ओट्यापाशी मी दुधावर पहारा दिला. उतू जाऊ दिलं ते फक्त पहिल्या दिवशी, मुद्दाम. घर माझं झालं ते त्याच दिवशी, खरेदीखत नंतरचं.

मला हसूच फुटलं. “ढमढेरे, कसला पुढचा महिना? जिचं दूध उतू गेलं, तिचं घर. ताबा परवाच गेला!”

वृषालीने भेगेवरून हळूच हात फिरवला. मग नवऱ्याला फोन लावून आनंदाने ओरडली, “अरे, ऐक ना, आपला ओटा फुटलाय!”