ज्याच्या हाती उलथणं

"आता तू मुंगी," असं म्हणून दादाने धाकटीच्या डोक्यावर उलथणं टेकवलं.

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. कालही मुंगी, परवाही मुंगी. हा मात्र रोजचाच वाघ! ती काही बोलणार तोच दादाने डोळे वटारले. मुंगी बोलत नाही.

नियम दादानेच केले होते आणि त्यांच्या बाबतीत तो भलताच कडक होता. स्वयंपाकघरातल्या या उलथण्यात म्हणे जादू होती. त्याचं पातं अंगाला लावून नाव घेतलं, की माणसाचा प्राणी व्हायचा. पुन्हा पातं लावून 'उतर' म्हटलं, तरच सुटका. बोलायची मुभा फक्त उलथणं हातात असणाऱ्याला. बाकीच्यांनी आपापल्या जातीला शोभेल असं वागायचं. वाघाने शिकार करायची, म्हणजे डब्यातली अख्खी बिस्किटं खायची. मुंगीने खाली सांडलेला भुगा वेचायचा. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात. या घरात ज्याच्या हाती उलथणं तो वाघ.

धाकटीला एकदा, फक्त एकदाच, वाघ व्हायचं होतं. त्याचा तिला इतका ध्यास लागला होता, की ती झोपेतही गुरगुरायची. आई म्हणायची, पोरीला सर्दी झालीय.

आई कपडे शिवायची. तिच्या शिवणाच्या खोलीत मुलांना बंदी होती आणि तिथल्या उंच लाकडी कपाटाला तर बोटही लावायचं नव्हतं. गिऱ्हाइकांचे इस्त्री केलेले कोट त्यात टांगलेले असत. पण आज आई शेजारी कुणाचं तरी माप घ्यायला गेली होती. वाघाला रान मोकळं होतं.

"ही माझी गुहा!" म्हणत दादा उलथण्यासकट कपाटात शिरला आणि त्याने दार ओढून घेतलं. बाहेरची कडी खटकन खाली पडली.

आधी आतून एक झकास डरकाळी आली. मग दार ढकलल्याचा आवाज आला. मग वाघाचा आवाज जरा बारीक झाला.

"धाकटे, कडी काढ."

धाकटी कपाटासमोर ओणवी बसून होती. मुंगी कडी कशी काढणार? मुंगीला फार तर साखरेचा दाणा उचलता येतो, हे दादानेच तर शिकवलं होतं.

"अगं, आई येईल! निदान बोल तरी काहीतरी!"

मुंगी बोलत नाही.

आत बराच वेळ खुडबुड झाली. मग दाराखालच्या फटीतून उलथण्याचं चपटं पातं सरसरत बाहेर आलं. "लाव डोकं त्याला," दादा काकुळतीला आला. धाकटीने शहाण्यासारखं जमिनीवर डोकं टेकवलं. पातं केसांना लागलं. "उतर! झालीस माणूस. आता तरी काढ कडी!"

धाकटी माणूस झाली. माणसाला हात असतात. तिने दोन्ही हातांनी पातं धरलं आणि अख्खं उलथणं बाहेर ओढून घेतलं.

ते हातात आल्यावर तिला आधी काही सुचेचना. मग तिने पातं स्वतःच्या डोक्याला लावलं. "वाघ," ती म्हणाली, आणि तिच्या अंगावर खरोखरच काटा आला. मग दांडा हातातून न सोडता तिने पातं पुन्हा फटीतून आत सरकवलं. ते एका अंगठ्याला लागताच म्हणाली, "मुंगी."

कपाट चिडीचूप झालं.

तेवढ्यात आई आली. मापाची टेप अजून तिच्या गळ्यातच होती. "इथे काय करतेस गं? दादा कुठंय?"

कपाटातून शिंक आली. आईने कडी काढली. आत दादा ओणवा बसला होता आणि त्याच्या गुडघ्यांखाली एका कोटाचा पार बोळा झाला होता.

"अरे, संध्याकाळी गिऱ्हाईक येईल, त्याला आता काय दाखवू? कशाला शिरलास आत?"

दादा गप्प.

"बोल ना! दातखीळ बसली का?"

दादाचे कान लाल झाले. डोळे डबडबले. हिनेच अडकवून ठेवलं, एवढं म्हटलं असतं तर अर्धं बालंट टळलं असतं. पण त्याने ओठ घट्ट मिटले आणि पाणावल्या नजरेने तो नुसता उलथण्याकडे पाहत राहिला.

धाकटीला वाटायचं, नियम फक्त तिला छळायला केलेत. हा तर स्वतःही पाळत होता! आईचा मार दिसत असतानाही पाळत होता. तिला त्याची इतकी माया आली, की वाघ असून रडू फुटायची वेळ आली. तिने झटकन पुढे होऊन त्याच्या पाठीला पातं लावलं.

"उतर."

"आई, मीच शिरलो आत, कोट माझ्यामुळेच चुरगळला, धाकटीने काही केलं नाही," दादा एका दमात बोलून मोकळा झाला.

"मग मघापासून तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? बास झाले तुमचे खेळ! आण गं ते उलथणं इकडे." आईने धाकटीपुढे हात केला.

दादाने धावत जाऊन तो हात मागे ओढला.

"आई, जवळ नको जाऊस," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला. "वाघ आहे तो."