साफ केलेला अल्बम

कशेडी घाटातल्या अपघातात विनीत गेला, तेव्हा त्याच्या सॅक्सोफोनच्या पहिल्या जॅझ अल्बमचं स्टुडिओतलं शेवटचं काम राहिलं होतं. मित्राने, यशराजने, तीन महिने बसून ते पूर्ण केलं. सुरांच्या मधला विनीतच्या श्वासाचा एकेक आवाजसुद्धा त्याने शोधून काढून टाकला.

मग रेल्वेने वीर स्टेशनला उतरून, रिक्षा करून तो महाडला आला. विनीतच्या आईच्या कानांना त्याने हेडफोन लावले. बनुबाईंनी सगळं ऐकलं.

“कसं वाटलं, काकी?”

“बरं हाय.” त्यांनी हेडफोन परत दिले. विनीतने पूर्वी पाठवलेलं कच्चं रेकॉर्डिंग मोबाइलवर लावलं आणि कानाशी धरलं.



“वाजवण्यातलं मला काय कळत नाय रे. मधेमधे तो श्वास घेतो ना, तेवढा ऐकते.”