राजहंसाची मान

वामनरावनं चष्मा कपाळावर चढवला आन नाक पार राजहंसाच्या मानेले नेऊन टेकवलं. मागं आख्खं वऱ्हाड उभं. पंगत थांबलेली. भाजी थंडी होऊन राहिली, पण बोलते कोण? नवरदेवाचा बाप. वरून गणिताचा रिटायर प्रोफेसर.

लीलाबाई, म्हंजे नवरीची माय, हातातलं वाढप टाकून धावत आल्या.

कारण रुखवत भाड्याचं होतं. जठारपेठेतल्या दुकानातून आणलेलं. रुखवतातला नारळाचा संसार, थर्माकोलचं मंदिर, खिळे ठोकून रेशमी दोऱ्यानं विणलेला हा राजहंस, सारं तिथलंच. 'दामिनीच्या हातची कला' एवढी पाटी फक्त घरची. आता रुखवत भाड्यानं सारेच आणतात. पण कबूल केलं तं पोट्टीले काहीच येत नाही म्हणून जन्मभर टोमणे. पाहुणे अमरावतीचे, त्याईले अकोल्याचं दुकान कुठून मालूम असन, या हिशेबानं लीलाबाई बिनधास्त होत्या.

"हे काय केलं तुमच्या पोरीनं?" वामनरावनं विचारलं.

"का... काहून? काही चुकलं का?"

"चुकलं? अवो बाई, धागे पाहा. एकूणएक सरळ. वाकडा एक नाही. मंग मान वाकडी कशी दिसून राहिली?"

लीलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. भगवंतरावनं छताच्या पंख्याकडं पाहिलं.

"पॅराबोला आहे हा!" वामनराव ओरडलेच. "जिंदगी गेली माही फळ्यावर हे काढण्यात, आन इथी थे हंसाच्या मानेत बसलं! बोलवा पोरीले."

दामिनी स्टेजवर फोटो काढून राहिली होती. तिले मुंडावळ्यासकट आणलं. पोट्टी हुशार. बीएस्सीत गणितात कॉलेजात पहिली. पुढं एमएस्सी करायचं होतं, पण सुपारी फुटली त्याच दिवशी याच वामनरावनं फर्मान काढलं होतं, "झालं तेवढं शिक्षण पुष्कळ. आमच्या घरच्या सुना कॉलेजात जात नाहीत." घरात त्याचाच शब्द. नवरदेव नितेश बापासमोर शिंकतही नव्हता. दामिनी तीन दिवस जेवली नव्हती. मंग जेवली. काय करन?

"सांग बाई, मान वाकडी कशी झाली?"

दामिनीनं हंसाकडं पाहिलं. तिनंही थो आजच पाहिला होता. पाहता पाहता तिचे डोळे मोठे झाले.

"मामाजी, वळण कोणी काढलंच नाही," ती हळूच म्हणाली. "एकेक धागा त्या वळणाले फक्त शिवून पुढं जाते. सारे मिळून थे दिसते."

"स्पर्शिका!" वामनराव वऱ्हाडाकडं वळले. "ऐकलं? याले म्हणतात डोकं! किती दिवस लागले हे कराले?"

दामिनीनं मायकडं पाहिलं. लीलाबाई मधात घुसल्या, "रातदिवस बसली होती जी! बोटाले फोड आले होते."

"मीच म्हटलं, पुरे कर, डोळे जातीन," भगवंतरावनं छताकडं पाहूनच फोडणी दिली.

वामनरावचा ऊर असा भरून आला, जसा हंस त्याईनंच विणला. एका काकानं टाळ्या वाजवल्या, मंग साऱ्याइनं वाजवल्या. पॅराबोला कोणाच्याच बापाले समजला नव्हता, पण पंगत एकदाची बसावी हे साऱ्याइले समजत होतं.

तेवढ्यात वामनरावची पोरगी प्रतीक्षा गर्दीतून पुढं आली. लेकरू कडेवर. कधीची थे चूपचाप हंसाकडं पाहून राहिली होती. तिची नजर पाहून लीलाबाई हंसापुढं आडव्या उभ्या राहिल्या.

"बाबा," प्रतीक्षा मोठ्यानं म्हणाली, "म्हंजे वहिनी एमएस्सी करन?"

"करन म्हंजे? करावंच लागन! असं डोकं पोळ्या लाटण्यात घालवाचं का? ॲडमिशनले मी सोता संग जातो. चार लोकाइत शब्द देतो, वामनरावचा शब्द!"

"ऐकलं ना साऱ्याइनं?" प्रतीक्षानं विचारलं.

"ऐकलं, ऐकलं!" वऱ्हाड एका आवाजात बोललं आन ताटाकडं पळालं. वामनराव सगळ्यात पुढं.

दामिनीच्या डोळ्यातून पाणी आलं. प्रतीक्षानं मुंडावळ्या नीट करायच्या बहाण्यानं तिले जवळ ओढलं आन कानात म्हणाली, "ॲडमिशन होईपर्यंत तोंड उघडू नको वहिनी. अमरावतीत कोणी ओळखू नये म्हणून माह्या लग्नात आईनं हाच हंस अकोल्याहून आणला होता. तवा एमएस्सीचं मीबी विचारलं होतं. तं बाबा याच्यापाशीच उभे राहून म्हणे, खिळ्याले दोरे गुंडाळणाऱ्या पोट्टीले गणित कायचं येते?"